अकरा टक्क्यांचा पक्ष काय कामाचा?

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पाविरुद्ध काम करणाऱ्या तरुणाने मला विचारलं आहे: "जर्मनीचे ग्रीन्स म्हणजे जगातला सगळ्यात यशस्वी हरित पक्ष, असं म्हणतात. पण पंचेचाळीस वर्षांनंतर, २०२५ मध्ये, त्यांना देशात ११.६ टक्के मतं मिळाली आणि ते सत्तेबाहेर गेले. मग असा वेगळा पक्ष काढून मिळतं काय? मोठ्या पक्षात शिरून तेच काम करता येणार नाही का? आणि आमच्याकडे असा पक्ष निघू शकेल का?"

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा पेण तालुक्यातला. २००१ साली शिकायला जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो आणि इथलाच झालो. पोटापाण्याचा धंदा इमारतींच्या हीटिंगचा: जुन्या घरांचे बॉयलर, पाइप, इन्सुलेशन. ग्रीन्सचा सभासद २०१० पासून. शनिवारी बाजारात छत्रीखाली उभं राहून पत्रकं वाटणं, दारोदार फिरणं, पुढे काही वर्षं वस्तीच्या सल्लागार समितीत बसणं, एवढाच माझा राजकारणातला अनुभव. मोठ्या पदावर कधी नव्हतो. मात्र धंद्यामुळे पक्षाचे कायदे लोकांच्या तळघरात उतरतात तेव्हा त्यांचं काय होतं, ते जवळून पाहिलंय.

तुमच्या अकरा टक्क्यांपासूनच सुरुवात करू. २३ फेब्रुवारी २०२५ ला ग्रीन्स निवडणूक हरले. नवं सरकार बनवायला निघालेल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि सोशल डेमोक्रॅट पक्षांना संरक्षणासाठी आणि पायाभूत सुविधांसाठी प्रचंड कर्ज काढायचं होतं. त्यासाठी राज्यघटना बदलायला हवी, म्हणजे दोन तृतीयांश मतं हवीत. नव्या संसदेत ती जुळणं अवघड होतं, म्हणून जाता जाता जुनीच संसद पुन्हा बोलावली. तिथे ग्रीन्सशिवाय आकडा होत नव्हता. ज्यांना प्रचारात रोज शिव्या घातल्या त्यांच्याच दारात जावं लागलं. ग्रीन्सनी १८ मार्चला मतं दिली, पण त्याआधी ५०० अब्ज युरोंच्या निधीतले १०० अब्ज हवामान निधीकडे वळवून घेतले आणि २०४५ पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचा, म्हणजे हवामान तापवणाऱ्या वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा, उल्लेख घटनेच्या मजकुरात आणला. हरलेल्या पक्षाने सत्तेत असतानाही जमलं नसतं ते निघता निघता पदरात पाडून घेतलं. मोठ्या पक्षातल्या पर्यावरण आघाडीला हे कधी करता आलं असतं? तिची मतं नेत्याच्या खिशातच असतात, ती मागायला तिच्या दारात कोणी कशाला जाईल?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलं. उरलेलं अर्धं लांबलचक आहे, आणि ते दिल्लीसारख्या ठिकाणी मिळत नाही, गावात आणि राज्यात मिळतं.

फ्रान्सच्या सीमेलगत, राइन नदीकाठी व्यूल नावाचं गाव आहे. भोवताली कायझरश्टूलच्या टेकड्या आणि द्राक्षमळे. सत्तरच्या दशकात तिथे अणुवीज प्रकल्प ठरला. कूलिंग टॉवरच्या वाफेने धुकं दाटेल, ऊन कमी पडेल आणि द्राक्षं जातील, ही मळेवाल्यांची भीती होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी जागेचा ताबा घेतला, पोलिसांनी हुसकावलं, तीन दिवसांनी हजारोंच्या संख्येने परत आले. फ्रायबुर्गचे विद्यार्थी मागाहून सामील झाले. राज्याचे मुख्यमंत्री हान्स फिलबिंगर म्हणाले होते की हा प्रकल्प झाला नाही तर दशक संपता संपता राज्यातले दिवे विझू लागतील. दिवे विझले नाहीत. प्रकल्प कधीच झाला नाही आणि ती जागा आज संरक्षित वन आहे.

ही गोष्ट ग्रीन्सच्या जन्मकथेत नेहमी सांगतात, पण तिच्यातली महत्त्वाची बाब सोडून देतात. ते मळेवाले डावे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ते फिलबिंगर यांच्याच पक्षाला मत देत होते, रविवारी चर्चला जात होते. आपल्याच सरकारने आपलं ऐकलं नाही, हा त्यांचा राग होता. १३ जानेवारी १९८० ला कार्ल्सरूहमध्ये पक्ष स्थापन झाला तेव्हा त्यात शांततावादी, स्त्रीवादी, माजी माओवादी, सेंद्रिय शेतीवाले असा सगळा गोतावळा होता. दोनच महिन्यांनी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आमच्या राज्यात त्यांना ५.३ टक्के मतं आणि विधानसभेच्या सहा जागा मिळाल्या. त्याच वर्षी देशाच्या निवडणुकीत फक्त १.५ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षापासूनच गाडी राज्यात पुढे, देशात मागे. १९८३ साली ५.६ टक्क्यांवर ते तेव्हाची राजधानी बॉन इथल्या संसदेत पोचले, हातात कुंड्या आणि आम्लपावसाने वाळलेली फांदी घेऊन. फोटो सगळ्या जगाने पाहिला. पण तोपर्यंत कितीतरी नगर परिषदांमध्ये त्यांची माणसं गटारं, शाळा आणि सायकलमार्ग यांच्या फायली वाचायला शिकली होती.

नगर परिषदेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या लोकांना हे सहसा ठाऊक नसतं. आमच्या राज्यात नगर परिषदेत जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला असतात. श्टुटगार्टमध्ये ६० जागा, म्हणून मला ६० मतं. एका उमेदवाराला जास्तीत जास्त तीन देता येतात आणि वेगवेगळ्या पक्षांच्या याद्यांतून माणसं निवडता येतात. मतपत्रिका आधीच घरी येतात आणि लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन घेऊन आकडेमोड करत बसतात. परिणाम असा की गावातली ओळखीची सुईण, फुटबॉलचा प्रशिक्षक, औषधाच्या दुकानातल्या बाई ग्रीन्सच्या यादीत असतील, तर पक्ष न आवडणारा माणूससुद्धा त्यांना तीन मतं टाकतो. पक्षाविषयीची भीती अशी माणसाच्या ओळखीने कमी होते. फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन आणि पुढे खुद्द श्टुटगार्ट इथे ग्रीन महापौर आले, ते काही एका रात्रीत आले नाहीत.

मी ज्या समितीत होतो ती आपल्या प्रभाग समितीचा धाकटा भाऊ समजा. सल्ला देता येतो, निर्णय नाही. तिथे माझी सगळ्यात मोठी लढाई पार्किंगच्या तीन जागांवरून झाली. शाळेसमोर सायकलींसाठी रस्ता रुंद करायचा होता आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं म्हणणं होतं की पार्किंग गेलं की माझं सकाळचं गिऱ्हाईक गेलं. आम्ही एक वर्ष त्यावर बोलत होतो. एक वर्ष! शेवटी एक जागा राहिली, तीही पंधरा मिनिटं थांबण्यापुरती. बेकरी अजून चालू आहे. पृथ्वी वाचवायला निघालेला माणूस असा पंधरा मिनिटांच्या पाटीवर येऊन थांबतो. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची, आता वाटत नाही.

आता राज्य. २०११ पर्यंत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये १९५३ पासून सलग एकाच पक्षाचे मुख्यमंत्री होते. मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. श्टुटगार्टचं जुनं रेल्वे स्थानक पाडून जमिनीखाली नवं बांधायचा प्रकल्प, 'श्टुटगार्ट २१', त्याविरुद्ध शहर रस्त्यावर आलं होतं. ३० सप्टेंबर २०१० ला बागेतली जुनी झाडं तोडण्यासाठी पोलिसांनी पाण्याचा मारा केला. एका वयस्क निदर्शकाची दृष्टी जवळजवळ गेली आणि रक्ताळलेल्या डोळ्यांचा तो फोटो घराघरात पोचला. त्यानंतर ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात. २७ मार्चच्या मतदानात ग्रीन्सना २४.२ टक्के मतं मिळाली. सोशल डेमोक्रॅट २३.१ वर राहिले, म्हणून आघाडीतला थोरला भाऊ ग्रीन्स ठरले. एका टक्क्याच्या फरकाने विन्फ्रीड क्रेत्श्मान जगातल्या एका मोठ्या औद्योगिक राज्याचे मुख्यमंत्री झाले. मी तेव्हा भारतीय पासपोर्टवर होतो. सभासद होता येत होतं, पत्रकं वाटता येत होती, मत देता येत नव्हतं. त्या रात्री मतदानकेंद्राबाहेर उभं राहून दुसऱ्यांच्या मतांची मोजणी ऐकली.

आणि लगेच परीक्षा आली. ज्या प्रकल्पाच्या विरोधावर निवडून आले तो थांबवायचा कसा? आधीच्या सरकारने २००९ मध्ये निधीच्या करारावर सही केलेली होती आणि आघाडीतला सोशल डेमोक्रॅट पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होता. सार्वमत घ्यायचं ठरलं. २७ नोव्हेंबर २०११ ला राज्यातल्या ५८.९ टक्के लोकांनी, आणि खुद्द श्टुटगार्ट शहरात ५२.९ टक्क्यांनी, माघार नको असं सांगितलं. आमच्या गोटात त्या संध्याकाळी सुतक होतं. आंदोलनातली कितीतरी माणसं तेव्हा पक्षाला सोडून गेली ती परत आली नाहीत. क्रेत्श्मान यांनी मात्र एका वाक्यात विषय बंद केला, आणि आयुष्यभर प्रकल्पाला विरोध केलेले विन्फ्रीड हेरमान वाहतूकमंत्री म्हणून तोच प्रकल्प पुढे नेऊ लागले. पुढे खर्च साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या वर गेला. म्हणजे आकड्यांबाबत विरोधकांचंच खरं होतं, पण ते सिद्ध होईपर्यंत बोगदे खणून झाले होते.

मला विचाराल तर क्रेत्श्मान यांनी बरोबर केलं. सार्वमत घेऊन मग ते न मानणं म्हणजे व्यूलच्या मळेवाल्यांना ज्याचा राग आला तेच करणं. पण इथे माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी त्या वेळी पक्ष सोडलेल्या एखाद्या माणसाशीही बोला. तो तुम्हाला सांगेल की आंदोलन संपवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आंदोलकांनाच मंत्री करणं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

ब्लॅक फॉरेस्टमधल्या राष्ट्रीय उद्यानाची कहाणी तुम्हाला आपल्या पश्चिम घाटाची आठवण करून देईल. सुमारे १०,००० हेक्टर सरकारी जंगल. २०१३ च्या वसंतात उद्यानालगतच्या सात गावांनी आपापलं मतदान घेतलं आणि सगळीकडे ठणठणीत 'नाही' आलं. लाकडाचं काय, साल पोखरणारे किडे आमच्या खाजगी जंगलात आले तर काय, अळंबी-बेरी गोळा करायला बंदी येणार का, हेच प्रश्न. सरकारने तरीही १ जानेवारी २०१४ ला उद्यान सुरू केलं. मात्र कडेने रुंद पट्टा ठेवला, जिथे किड्यांवर लक्ष ठेवून लागण झालेली झाडं काढतात, आणि उद्यानाच्या कारभारात गावांना जागा दिली. 'ऐकून घेण्याचं राजकारण' अशी क्रेत्श्मान यांची घोषणा होती. गाववाले म्हणायचे, ऐकलं, पण केलं मनासारखंच. पश्चिम घाट वाचवण्याबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ सालचा. त्यात ग्रामसभेला विचारा असं म्हटलं होतं, आणि आपल्याकडे तो ग्रामसभेपर्यंत पोचायच्या आधीच सगळ्याच मोठ्या पक्षांनी त्याचा बागुलबुवा केला. तो अहवाल हातात घेऊन गावोगाव जाणारा एकही पक्ष नव्हता. तुमच्या 'वेगळा पक्ष कशाला' या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

आता माझ्या धंद्याचा विषय. इथे मी जरा लांबण लावणार.

आमच्या राज्यात २००८ पासून एक कायदा आहे. त्यानुसार २०१० पासून जुन्या घरातलं हीटिंग बदललं की उष्णतेचा १० टक्के वाटा अक्षय ऊर्जेतून आला पाहिजे. हा कायदा ग्रीन्सनी नाही, तर आधीच्या कॉन्झर्वेटिव्ह सरकारने केला. ग्रीन सरकारने २०१५ मध्ये तो वाटा १५ टक्के केला. पण पळवाटा नाही, वाटा ठेवल्या: छपरावर सौर पॅनेल लावा, किंवा थोडा बायोगॅस घ्या, किंवा छताला इन्सुलेशन करा, किंवा सल्लागाराकडून घराचा दुरुस्ती आराखडा करून घ्या, म्हणजे तिसरा हिस्सा त्यातच भागतो. माझ्यासारखा माणूस घरी जायचा, आजीबाईंच्या तळघरातला तीस वर्षांचा तेलाचा बॉयलर पाहायचा, चहा-कॉफी व्हायची, आणि तीन पर्याय कागदावर लिहून द्यायचा. लोक कुरकुर करत पण करत. काहींनी आधीच घाईने जुन्यासारखाच बॉयलर बसवून घेतला, तेही झालं. पण कोणी रस्त्यावर आलं नाही. २०२० मध्ये राज्याने शंभराहून अधिक शहरांना २०२३ अखेर उष्णतेचा आराखडा करायला सांगितलं: कुठल्या गल्लीत सामाईक गरम पाण्याची पाइपलाइन येणार, कुठे प्रत्येकाने आपापली सोय करायची. आधी शहराचा नकाशा, मग घरमालकावर बंधन, हा क्रम.

देशात नेमका उलटा क्रम झाला. २०२१ मध्ये ग्रीन्सना १४.८ टक्के मतं मिळाली, आणि सोशल डेमोक्रॅट व उदारमतवाद्यांबरोबर ते सत्तेत गेले. रॉबर्ट हाबेक अर्थ आणि हवामान खात्याचे मंत्री. युक्रेनवरचं आक्रमण झालं, रशियाचा गॅस आटला, आणि आघाडीने ठरवलं की १ जानेवारी २०२४ पासून नव्या हीटिंगमध्ये ६५ टक्के अक्षय ऊर्जा हवी. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस कायद्याचा कच्चा मसुदा फुटून वर्तमानपत्रात आला. अनुदान किती, कोणाला, म्हाताऱ्यांचं काय, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागला. एकच प्रश्न: "आता बॉयलर काढून नेणार का?" नव्हते नेणार. चालू बॉयलर दुरुस्त करून वापरत राहता येणार होता. पण हे पटवायला मला प्रत्येक घरी अर्धा तास लागायचा, आणि देशात घरं किती! त्या शनिवारी बाजारातल्या आमच्या छत्रीपाशी एक सुतार आला, जो मला पंधरा वर्षं ओळखतो. म्हणाला, तुम्ही लोक मला माझ्या तळघरात येऊन शिकवणार का? मग न बोलता निघून गेला. शिव्या देऊन गेला असता तर बरं वाटलं असतं.

जुलैमध्ये घटना न्यायालयाने मतदान थोपवलं, कारण खासदारांना मसुदा वाचायला पुरेसा वेळ दिला नव्हता. सप्टेंबरमध्ये कायदा झाला, बराच सुधारून: जुन्या घरांसाठी आधी शहराचा उष्णता आराखडा, मग बंधन. अनुदान कमाल ७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे शेवटी देशाचा कायदा आमच्या राज्याच्या वाटेवर आला. पण तोवर नुकसान झालेलं होतं, आणि सुरुवातीची ती सहा महिन्यांची दहशत लोकांच्या लक्षात राहिली, सुधारलेला कायदा नाही.

असं का झालं? हाबेक मूर्ख होते म्हणून नाही. माझ्या मते पक्षाला राज्यात जे कळलं होतं ते केंद्रात जाता जाता हरवलं. राज्यात ग्रीन्स थोरला भाऊ होते: कायदा आमचा, शिव्या आमच्या, म्हणून सांभाळून चालायचे. केंद्रात ते मधला भाऊ. आघाडीतलाच एक पक्ष रोज सकाळी टीव्हीवर त्याच कायद्याची पिसं काढत होता, ज्याला त्याने बंद खोलीत संमती दिली होती. आणि छोट्या पक्षाच्या वाट्याला चार वर्षंच येतात, त्यामुळे सगळं आत्ताच उरकायची घाई. १५ एप्रिल २०२३ ला देशातल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, त्यातली एक आमच्या शेजारची नेकारवेस्टहाइम. ज्या मागणीवर पक्ष जन्माला आला ती पूर्ण झाली. आणि त्याच महिन्यात लोक मला बॉयलरबद्दल फोन करत होते.

राज्य आणि केंद्र यांच्यामध्ये एक दार आहे, ते बाहेरच्यांना दिसत नाही: बुंडेसराट, म्हणजे राज्यांचं वरिष्ठ सभागृह. आपल्या राज्यसभेसारखं नाही. इथे राज्य सरकारं स्वतः मत देतात. एकूण ६९ मतं, आमच्या राज्याची सहा. बऱ्याच कायद्यांना ३५ मतांचा स्पष्ट होकार लागतो. आघाडीतल्या दोन पक्षांचं जमलं नाही तर राज्य तटस्थ राहतं, आणि तटस्थ म्हणजे हिशेबात नकारच. त्यामुळे केंद्रात विरोधी बाकांवर बसलेले ग्रीन्स निम्म्या राज्यांत दुय्यम भागीदार असले तरी कायदा अडवू शकतात. उत्तर आफ्रिकेतल्या देशांना निर्वासितांसाठी 'सुरक्षित' ठरवणारा कायदा २०१७ मध्ये असाच पडला. उलट २०१४ मध्ये सर्बिया, मॅसेडोनिया आणि बोस्नियासाठी क्रेत्श्मान यांनी एकट्याने होकार दिला, बदल्यात निर्वासितांना लवकर काम करण्याची मुभा मिळवली आणि स्वतःच्या पक्षाच्या शिव्या खाल्ल्या. त्या रात्री आमच्या शाखेतल्या बैठकीत खुर्च्या फेकायच्याच बाकी होत्या.

सगळं कौतुकाचं नाही. २०१२ मध्ये आमच्या राज्य सरकारने म्हटलं होतं की २०२० पर्यंत दहा टक्के वीज वाऱ्यातून येईल. झालं नाही, बरंच कमी पडलो. केंद्राने लिलावाची पद्धत आणली आणि वारं उत्तरेकडे जास्त, हे खरं. पण परवान्याच्या फायली आमच्याच कचेऱ्यांत वर्षानुवर्षं पडून होत्या, आणि पवनचक्कीविरुद्ध लाल घारीचं घरटं पुढे करणारे अर्ध्या वेळा आमचेच निसर्गप्रेमी मतदार होते. हवामानवाला आणि पक्षीवाला एकाच पक्षात असले की भांडण घरातच होतं. दहा वर्षं सत्ता हाती असताना याचा निकाल न लावणं हे माझ्या पक्षाचं सगळ्यात मोठं अपयश आहे असं मला वाटतं, श्टुटगार्ट २१ पेक्षाही मोठं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. आमच्याकडे निघेल का?

पहिली अडचण मतमोजणीची. जर्मनीत ५ टक्के ओलांडले की तेवढ्या प्रमाणात जागा मिळतात. भारतात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो एक जिंकतो, बाकीचे घरी. ही पद्धत आपण जिथून घेतली त्या ब्रिटनकडे बघा: १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत तिथल्या ग्रीन्सना सुमारे १५ टक्के मतं मिळाली आणि जागा शून्य. संसदेत पहिली जागा, कॅरोलाइन लुकास यांची, २०१० मध्ये. २०२४ मध्ये जवळपास १८ लाख मतांवर चार जागा. मतांच्या त्याच टक्केवारीवर जर्मनीत डझनांनी खासदार बसले असते. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून जास्त मतदार. तिथे नव्या पक्षाची अनामत जप्त होणं हा अपघात नाही, गणित आहे.

दुसरी अडचण गणितापेक्षा मोठी. आपल्याकडे पर्यावरणाचा राग वाया जात नाही, तो मोठे प्रादेशिक पक्ष वापरतात आणि वापरून टाकून देतात. १९९५ मध्ये एन्रॉन, म्हणजे दाभोळचा वीज प्रकल्प, समुद्रात बुडवायचं आश्वासन होतं; सत्ता आल्यावर नव्याने वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प मोठा होऊन आला. नाणारची रिफायनरी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर मागे घेतली, कारण युती टिकवायची होती. आरेची कारशेड एका मुख्यमंत्र्याने हलवली, २०२२ मध्ये दुसऱ्याने परत आणली. प्रत्येक वेळी लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं ते आघाडीच्या वाटाघाटीपुरतं. 'मोठ्या पक्षात शिरून काम करता येणार नाही का' याचं उत्तर इथेच आहे: येतं, निवडणूक होईपर्यंत.

माझ्याच तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ ला सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) जमिनीसाठी बावीस गावांतल्या शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. माझे काका भाताच्या खाचरातून थेट मतदानाला गेले होते, पायाला चिखल तसाच. श्टुटगार्टच्या सार्वमताच्या तीन वर्षं आधी पेणच्या माणसाला विचारलं गेलं होतं, हे मी इथल्या लोकांना सांगतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. फरक असा की श्टुटगार्टमध्ये निकाल सरकारवर बंधनकारक होता आणि तो पुढे नेणारा, पचवणारा, त्याची किंमत मोजणारा एक पक्ष होता. पेणमध्ये शेतकरी जिंकले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ती ताकद कुठेच नोंदलेली नव्हती.

गणितात बसेल अशी जागा मला विचाराल तर महाराष्ट्र नाही, गोवा. चाळीस मतदारसंघ, प्रत्येकात तीसेक हजार मतदार. तिथे एक वाडा आणि दोन गावं निकाल फिरवतात. गोवा बचाव अभियानाने २००७ च्या जानेवारीत प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करायला लावला. वर्षअखेरीस सेझही गेले. २०२२ मध्ये जमिनीच्या प्रश्नावर लढलेल्या रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाला पहिल्याच विधानसभेत नऊ टक्क्यांवर मतं मिळाली आणि एक आमदार, तोही अगदी निसटता. तो काही हरित पक्ष नाही, त्याचा रोख वेगळा आहे. पण एवढ्या मतदारांत एवढ्या मतांचं काय होतं ते त्यातून दिसतं.

तुम्ही मात्र रत्नागिरीत आहात. तुमच्याकडे ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत, ही अडचण समजू नका. पुढच्या निवडणुकीत तुमच्यातल्या पाच-सहा जणांनी सदस्य व्हावं: ज्यांना गावात पाण्याच्या पाळीवरून कोणीही हाक मारतं अशा माणसांनी, भाषण करणाऱ्यांनी नाही. नळपाणी योजनेच्या फायली वाचा, पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कुठे गेले ते काढा. बेकरीवाल्याच्या पार्किंगवर वर्षभर भांडा. जिल्हा परिषदेचं मग बघू. आणि पक्षाचं नाव ठरवण्याची बैठक बोलावलीत तर मला बोलावू नका, आमच्याकडे नावावरून झालेल्या तशा दोन बैठकांत मी बसलोय.